काटक गुलाब, पण कुठल्या हवेत?

दसरा उलटला की रोपवाटिकांमध्ये गुलाबाची गर्दी सुरू होते. काळ्या पिशव्यांतली रोपं रांगेनं मांडलेली असतात, प्रत्येकावर एखादं टपोरं फूल असतं आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न बहुधा एकच असतो: फार कटकट न करता जगेल, आटोपशीर राहील आणि बारमाही फुलेल असा गुलाब आहे का? माळीकाका बटण गुलाबाकडे नाहीतर गावठीकडे बोट दाखवतात. "हा घ्या ताई. हा मरत नाही."

मी पुण्यात वीस वर्षं गुलाब लावते आहे आणि 'मरत नाही' म्हणून आणलेली कितीतरी रोपं माझ्या हातून गेली आहेत. त्यातूनच गुलाबावरची पुस्तकं वाचायची सवय लागली. ही पुस्तकं मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतली, आणि त्यांत काटक गुलाबांच्या लांबलचक याद्या असतात. त्या याद्या घेऊन इथे बाग करायला गेलं की गाडी अडते, कारण तिथे काटक म्हणजे थंडी सोसणारा, बर्फाखाली महिने काढूनही वसंतात फुटणारा. आपल्या गुलाबाला बर्फ बघायचाच नसतो. त्याला आधी मे महिन्याची तलखी काढायची असते, मग जून ते सप्टेंबर ओल्या पानांनी उभं राहायचं असतं, आणि त्यातच काळ्या मातीत मुळाशी पाणी तुंबलेलं असतं. शब्द तोच, पण परीक्षा निराळी. त्या परीक्षेच्या अंगानं हा सगळा विषय एकदा तपासून पाहावा, असं बरेच दिवस मनात होतं.

गिऱ्हाइकाला हवा असतो तो आटोपशीर गुलाब म्हणजे झुडुपी गुलाब. तो कशाला म्हणायचं, तेवढं आधी सांगते. फुलवाल्याकडे लांब दांड्यावर एकच मोठं फूल असलेला जो गुलाब मिळतो तो हायब्रिड टी वर्गातला. १८६७ साली फ्रान्समध्ये ल्योंच्या गियो यांनी आणलेला 'ला फ्रान्स' हा त्या वर्गातला पहिला मानतात. फूल देखणं, पण झाड उभट, विरळ, बुडाशी उघडं. फुलं खुडली की काट्याच्या काड्याच उरतात. झुडुपी गुलाब बुडापासून फुटतो, गुडघ्याएवढा नाहीतर कंबरेएवढा राहतो, पानांनी भरून जातो आणि फुलं झुबक्यांनी देतो. एकेक फूल लहान असतं, पण फाटकाशेजारी किंवा पायवाटेच्या कडेला असं एक झाड लावलं की फूल नसलेल्या दिवसातही ती जागा ओकीबोकी वाटत नाही.

आटोपशीर बांधा आणि सतत फूल या दोन गोष्टी जोडीनं येतात. त्याचं मूळ चीनमध्ये आहे. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी बागांतले गुलाब जहाजांनी तिकडे पोचले. त्यांतले काही कलकत्त्यामार्गे गेले, म्हणून फ्रेंच लोक त्यांना बंगालचे गुलाब म्हणू लागले. शास्त्रीय नावातही 'इंडिका' शिरलं. हे गुलाब अंगानं लहान, बारीक फांद्यांचे, पण महिनोन्महिने फुलणारे होते. त्याचं कारण जनुकांच्या अभ्यासातून अलीकडे कळलं. गुलाबात केएसएन नावाचं एक जनुक असतं, ते फुलण्याला आवर घालतं. चिनी गुलाबात या जनुकाच्या मधोमध एक उपरा तुकडा घुसून बसला आहे, त्यामुळे ते काम करत नाही. आवर सुटल्यावर फुटणारी प्रत्येक फांदी थोडी वाढते आणि टोकाला कळी धरते. टोकाला कळी आली की फांदीची लांबी तिथेच संपते, म्हणून झाड ठेंगणं राहतं. क्वचित एखाद्या फांदीतून तो उपरा तुकडा बराचसा निघून जातो. मग ती फांदी वेलीसारखी धावत सुटते आणि फुलांचा सतत येणारा बहर मंदावतो. जुन्या काही झुडपांचे वेलगुलाब असेच निपजले. बागेत एखाद्या बुटक्या गुलाबाला अचानक आठ फुटी सोट फुटला, तर तो कलमाच्या खुंटाचा आहे की असा बदललेला, हे म्हणूनच नीट पाहावं लागतं.

चिनी गुलाबात युरोपला एक अडचण आली. तो हिवाळ्यात झोपत नाही. कोवळी फूट चालूच राहते आणि कडाक्याच्या थंडीत करपते. तिथून पुढे गुलाबकारांच्या दोन वाटा झाल्या. ज्यांच्याकडे हिवाळा सौम्य होता त्यांनी चिनी रक्ताचा फायदा घेतला. त्याच गियो यांनी १८७५ मध्ये 'पाकरेत' हा गुलाब आणला. मल्टिफ्लोरा नावाच्या पूर्व आशियातल्या रानगुलाबाचं आणि चिनी गुलाबाचं ते रक्त. या घराण्याला पॉलिअँथा म्हणतात. बुटकी झाडं, रुपयाएवढी फुलं, झुबकेच्या झुबके. 'सेसिल ब्रुनर' १८८१ चा, 'द फेअरी' हा अ‍ॅन बेंटॉल यांचा १९३२ चा, आणि दोन्ही आजही विकले जातात. इतकी वर्षं दुकानात टिकलेला गुलाब मला कुठल्याही पदकापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. डेन्मार्कच्या पौल्सेन घराण्यानं पॉलिअँथाचा हायब्रिड टीशी संकर केला आणि त्यातून फ्लोरिबंडा हा वर्ग उभा राहिला. जर्मनीच्या कोर्डेस यांचा १९५८ चा पांढराशुभ्र 'आइसबर्ग' हा त्यातला जगभर पोचलेला गुलाब. उष्ण प्रदेशात त्याचं झाड अधिकच खुलतं.

दुसरी वाट उत्तरेकडची. जपान, कोरिया आणि रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर वाळूत वाढणारा रुगोसा नावाचा रानगुलाब आहे. सुरकुतलेली जाड पानं, अंगभर बारीक काटे, खारा वारा आणि कडक थंडी सहज सोसणारा. कॅनडात ओटावाच्या सरकारी प्रयोगक्षेत्रावर फेलिसिटास स्वेडा या संशोधक बाईंनी रुगोसा आणि कोर्डेसी नावाच्या आणखी एका गुलाबाच्या रक्ताचे संकर हिवाळ्यात उघड्यावर, कसलंही पांघरूण न घालता सोडले. जे जगले ते निवडले. त्यांतला 'मार्टिन फ्रोबिशर' १९६८ मध्ये आला, पुढे 'जॉन कॅबट', 'विल्यम बॅफिन' असे शोधप्रवाशांची नावं असलेले बरेच. उणे तीस अंशांच्याही खाली टिकणारे हे गुलाब. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातले ग्रिफिथ बक यांनीही तसंच केलं. फवारणी नाही, झाकणं नाही, हवेलाच परीक्षक केलं. त्यांचा १९७७ चा 'केअरफ्री ब्यूटी' पुढे फार मोठ्या वंशाचा पूर्वज ठरला. टोरांटोत किंवा शिकागोत घर असलेल्या मराठी माणसानं बागेत गुलाब लावायचा तर यांच्याच यादीतून लावावा. पण माहेरी आल्यावर ते रोप इथे आणायचा मोह आवरावा. रुगोसाला हिवाळ्याची झोप लागते, ती आपल्या सपाटीवर मिळत नाही आणि झाड हळूहळू खंगतं.

थंडीइतकाच उत्तरेचा दुसरा शत्रू म्हणजे काळे ठिपके. इथे मात्र त्यांचा आणि आपला प्रश्न एकच आहे. डिप्लोकार्पॉन नावाची बुरशी पानावर रुजायला पान सलग सात तास तरी ओलं राहावं लागतं. ठिपका येतो, भोवताली पान पिवळं पडतं, गळतं, आणि महिन्याभरात झाड भर पावसाळ्यात निष्पर्ण होतं. मिलवॉकीचे विल्यम रॅडलर यांनी या बुरशीसमोर रोपांना मुद्दाम उभं केलं. रोगट पानं गोळा करून वाळवली, त्यांची पूड केली, ती रोपांवर भुरभुरली आणि वरून पाणी मारत राहिले. त्यातून सुटलेला एक गुलाब २००० साली 'नॉक आउट' या नावानं बाजारात आला. अमेरिकेत त्यानं घराघरांत आणि रस्त्यांच्या कडेला जागा मिळवली. फवारणीशिवाय गुलाब होऊ शकतो, ही गोष्ट सामान्य माणसाला त्यानं पटवली, आणि हे काम मोठं आहे. जर्मनीत एडीआर ही चाचणी १९९७ पासून बुरशीनाशकाशिवायच घेतात, त्यामुळे तिच्या शिक्क्याला माझ्या लेखी वजन आहे. टेक्सासच्या कृषी विद्यापीठाची 'अर्थकाइंड' यादीही अशीच बिनलाडाच्या लागवडीतून तयार होते. टेक्सासचा उन्हाळा आपल्याला जवळचा आहे, म्हणून 'द फेअरी' आणि 'केअरफ्री ब्यूटी' ही त्या यादीतली नावं मी लक्षात ठेवते.

दोन गोष्टी मात्र या यशाच्या मागे राहिल्या. एक म्हणजे वास. 'नॉक आउट'ला वास जवळजवळ नाहीच. देव्हाऱ्यात ठेवायला, गुलकंदाला, केसात माळायला गुलाब लावणाऱ्या आपल्या घरांना बिनवासाचा गुलाब अपुराच वाटणार, आणि मला तो अपुराच वाटतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. एकच वाण लाखोंनी लावल्यावर रोझ रोझेट हा विषाणू एका सूक्ष्म कोळ्याच्या पाठीवरून झाडाझाडांत पसरला. फांद्या केरसुणीसारख्या गुच्छ होतात, लाल काट्यांनी भरतात, आणि उपाय एकच: झाड मुळासकट उपटणं. काळ्या ठिपक्याला न जुमानणारं झाड दुसऱ्या रोगाला बळी पडू शकतं. शिवाय खुद्द काळ्या ठिपक्याच्या बुरशीतही अनेक प्रकार असतात. एका गावात टिकलेला गुलाब दुसऱ्या गावात पडतो, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. म्हणून घरच्या बागेत तीन झाडं लावायची असली तर ती तीन जातींची लावावीत.

आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्रात गुलाबाला प्रत्येक ऋतू आपापला रोग घेऊन येतो. पावसाळ्यात काळे ठिपके, हिवाळ्यात कोरडे दिवस आणि दमट रात्री आल्या की भुरी, उन्हाळ्यात पानांच्या पाठीला लाल कोळी. कोळ्याला कोरडी धूळ आवडते आणि पाणी नको असतं, तर बुरशीला नेमकं उलट. त्यामुळे 'पानांवर पाणी मारू नका' हा पुस्तकी सल्ला मी जून ते जानेवारी पाळते आणि एप्रिल-मे महिन्यात मोडते. सकाळी लवकर पानांच्या पाठीवर जोरानं पाण्याची धार मारली की कोळी धुऊन जातात आणि ऊन चढेपर्यंत पानं सुकतात. विदर्भात जिथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तिथे दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा आणि मुळाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, एवढ्यानंच निम्मं काम होतं. कोकणात ऊन कमी त्रास देतं, पण पाऊस जगू देत नाही. तिथे उंच वाफा केल्याशिवाय गुलाब लावूच नये.

परदेशी पुस्तकातला एक सल्ला आपल्याकडे सर्रास घात करतो. थंड देशांत डोळा भरलेला सांधा मातीखाली दोन-तीन इंच पुरतात, म्हणजे गोठण्यापासून तो वाचतो. इथे तसा पुरला तर ओल्या मातीत सांधा कुजतो. आपल्याकडे तो जमिनीच्या वर दोन बोटं मोकळा दिसला पाहिजे. 'सात पानांची फांदी रानटी, ती काढून टाका' हाही असाच एक ऐकीव नियम. मल्टिफ्लोराच्या खुंटाला सात-नऊ पर्णिका असतात हे खरं, पण पॉलिअँथाला आणि कितीतरी झुडुपी गुलाबांनाही त्या असतात, आणि या नियमापायी लोकांनी चांगली झाडं छाटून टाकलेली मी पाहिली आहेत. फांदी सांध्याच्या खालून निघाली असेल तर ती खुंटाची. माती बाजूला करून बघावं, आणि ती कापण्याऐवजी मुळापासून ओढून काढावी.

सगळ्यात मोठा धडा मला एका मेलेल्या रोपानं दिला. चांगल्या रोपवाटिकेतून आणलेला गुलाबी झुबक्यांचा गुलाब होता. खड्डा दीड फूट बाय दीड फूट, शेणखत, निंबोळी पेंड, सगळं व्यवस्थित. कार्तिकात फुलला, माघात पानं लहान येऊ लागली, चैत्रात फांद्या वरून काळ्या पडत खाली यायला लागल्या. मर लागली म्हणून मी बोर्डो पेस्ट लावत राहिले. शेवटी उपटलं तेव्हा हातात नारळाएवढा लाल चिकणमातीचा गोळा आला. वाहतुकीसाठी मुळांभोवती दाबून बांधलेला तो गोळा सहा महिन्यांनंतरही विटेसारखा कडक होता. बाहेरची माती भुसभुशीत, ओली. आतला गोळा फोडला तर मध्यभागी कोरडाठाक. मुळं आतल्या आत फेर धरून बसली होती, एकही बाहेर आलेलं नव्हतं. सहा महिने मी मातीला पाणी देत होते, झाडाला एक थेंबही मिळत नव्हता. तेव्हापासून नवं रोप आणलं की मी ते आधी बादलीत तासभर बुडवून ठेवते, चिकण माती बोटांनी अलगद धुऊन काढते आणि मगच लावते. हे काम थंड दिवसांत, संध्याकाळी करावं आणि पुढचे आठ-दहा दिवस रोप सावलीत ठेवावं. बऱ्याच 'नाजूक' गुलाबांचा नाजूकपणा या गोळ्यात असतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

मातीचं बाकी सांगणं थोडक्यात. निव्वळ काळी चिकण माती असेल तर तिच्यात मुरमाड लाल माती आणि भरपूर कुजलेलं शेणखत मिसळावं. पाणी ओतून पाहावं; तासाभरात खड्डा रिकामा झाला नाही तर तिथे वाफा उंच करावा. दोन झाडांत अडीच फूट अंतर. सहा तास ऊन, त्यात सकाळचं हवंच.

छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, पाऊस पुरता सरल्यावर. तिथून साधारण पंचेचाळीस दिवसांनी बहर येतो. हायब्रिड टीसारखी कडक छाटणी झुडुपी गुलाबाला नको, तिसरा हिस्सा काढला तरी पुरे. ब्रिटनमधल्या रॉयल नॅशनल रोज सोसायटीनं एकदा काही गुलाब शास्त्रोक्त पद्धतीनं आणि काही कुंपणाच्या कात्रीनं सरसकट छाटून तुलना केली. सरसकट छाटलेले मागे पडले नाहीत. तेव्हा डोळ्यावर तिरका काप पाव इंच वर की अर्धा, या चिंतेत झोप घालवू नये. पण एक गोष्ट मात्र दर काडीला पाहावी. सिकेटरनं फांदी कापली की कापाच्या मधला गर बघायचा. पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर फांदी निरोगी. चहाच्या रंगाचा असेल तर मर आत उतरली आहे. बोटभर खाली पुन्हा कापायचं, पुन्हा बघायचं, गर पांढरा दिसेपर्यंत. कधी कधी असं करताकरता फांदी बुडापर्यंत जाते. जाऊ द्यावी. बुडातून नवी फूट येणं हेच झुडुपी गुलाबाचं बळ आहे.

मग लावावं काय? पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या पठारावर मला 'आइसबर्ग' आणि पॉलिअँथा घराण्यातले बटण गुलाब सर्वांत भरवशाचे वाटतात. पावसात 'आइसबर्ग'ची पानं गळतात, पण ऑक्टोबरात तो असा उसळून येतो की तक्रार राहत नाही. वास हवा असेल तर गेश्विंड या गुलाबकाराचा १८९७ चा 'ग्रुस आन टेप्लिट्झ' मिळवावा. किरमिजी, मान खाली घातलेली फुलं आणि खरा गुलाबाचा वास. त्याच्यात चिनी रक्त भरपूर आहे, म्हणूनच तो आपल्या उपखंडात मिसळून गेला. 'ग्लॅडिएटर'नं आपल्याकडच्या उघड्या शेतात नाव कमावलं आहे आणि राहाता-शिर्डीकडच्या उन्हात गुलाबाची शेती होते, हे दोन्ही खरं. पण 'ग्लॅडिएटर'चा बांधा झुडपाचा नाही, त्याला शेतच बरं. युरोपनं ज्याला थंडीला कच्चं म्हणून बाजूला सारलं ते चिनी रक्तच आपल्या हवेत काटक ठरतं. याद्या वाचताना हे एक सूत्र धरलं तर पुष्कळ पैसे वाचतात.

भारतीय गुलाबकारांनी हे ओळखलं होतं. गव्हाच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे बी. पी. पाल यांनी दिल्लीत शंभरावर गुलाब तयार केले. त्यांचा 'डेल्ही प्रिन्सेस' हा फ्लोरिबंडा १९६३ चा, आणि 'द रोझ इन इंडिया' हे त्यांचं पुस्तक १९६६ चं. कोडाईकनालचे एम. एस. विराराघवन आणखी पुढे गेले. बंगाल-बिहारच्या नदीकाठी क्लायनोफिला नावाचा पांढऱ्या एकेरी फुलांचा रानगुलाब वाढतो. पुराच्या पाण्यात उभा राहूनही तो मरत नाही आणि उन्हाळाही सोसतो. विराराघवन यांनी या गुलाबाला, आणि मणिपूरच्या डोंगरातल्या जायगँटिया या गुलाबाला संकरात आणलं. स्वेडा यांनी बर्फासाठी जे केलं तेच हे, फक्त पावसासाठी आणि उन्हासाठी. माझ्या मते आपल्याकडच्या काटक गुलाबाचा रस्ता इथूनच जातो. पण हे वाण अजून कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत मिळत नाहीत. तिथे अजूनही पिशवीवर नावाची चिठ्ठी नसते, 'काश्मिरी' किंवा 'इंग्लिश' एवढंच सांगतात. वाणाचं नाव माहीत नसेल तर दहा वर्षांनी हा गुलाब टिकला असं सांगणाऱ्यालाही कोणता टिकला ते सांगता येत नाही, आणि अनुभव पुढे सरकत नाही.

वाईला माझ्या आत्याच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर एक गावठी गुलाब आहे. फिकट गुलाबी, दाट पाकळ्यांचा, वासानं हात भरून जाणारा. त्याला कधी औषध मारलेलं नाही. गेल्या श्रावणात मी आत्याकडून पाच काड्या आणल्या: पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, चार-चार डोळ्यांच्या, वर तिरका काप आणि खाली सपाट. पानं काढून दोन डोळे मातीत आणि दोन वर ठेवून सावलीत लावल्या. चार आठवड्यांत तीन फुटल्या. त्यांतली सगळ्यात जोमदार आता अंगणात 'आइसबर्ग' आणि बटण गुलाबाच्या रांगेत लावली आहे, त्याच मातीत, त्याच उन्हात. यंदाच्या पावसाळ्यात तिघांपैकी कुणावरही काहीच फवारायचं नाही असं ठरवलं आहे. काळा ठिपका आधी कुणाच्या पानावर येतो आणि गणपतीपर्यंत कुणाच्या अंगावर किती पानं उरतात, ते वहीत तारखेनिशी लिहून ठेवणार आहे.